धाऊ विशे यांचे मूत्रपिंड व त्यास आलेल्या हरकती

धाऊ गोमा विशे यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, याला कोणत्याही कार्यालयाची हरकत नव्हती. सहा वर्षांपूर्वी, कसलाही अर्ज न करता आणि सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी न घेता ती परस्पर निकामी झाली, आणि ही गोष्ट सर्व स्तरांवर विनातक्रार मान्य करण्यात आली. हरकती सुरू झाल्या त्या तिसरे मूत्रपिंड तयार झाल्यावर.

धाऊ मुरबाडजवळच्या गावचा. थोडी भातशेती, आणि वीस वर्षं मुरबाड-कल्याण रस्त्यावर काळी-पिवळी जीप. नऊ माणसांच्या गाडीत पंधरा माणसं कुणाचाही गुडघा कुणाला न लागू देता बसवायची, ही त्याची ख्याती. मूत्रपिंडं गेल्यावर मात्र तो स्वतःच दुसऱ्याच्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसून आठवड्यातून तीनदा कल्याणला डायलिसिसला जाऊ लागला. चार तास सुईला बांधलेला, आणि शेजारी स्टुलावर बायको सकुबाई. दिवसाला अर्धा लिटर पाणी, एवढंच प्यायची मुभा. ती बाटली सकुबाईच्या पिशवीत असे आणि पिशवी तिच्या काखेत. उन्हाळ्यात धाऊ बाटलीकडे ज्या नजरेनं बघे, तशी नजर त्यानं लग्नाआधी आपल्यावर कधी टाकली नव्हती, असं सकुबाई सगळ्या वॉर्डाला सांगत असे.

याच वॉर्डात एके दिवशी मुंबईच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉ. नम्रता आल्या. वय पस्तिशीचं, बोलणं घाईचं, आणि खरं सांगायची वाईट सवय. त्यांना नव्या उपचाराच्या चाचणीसाठी रुग्ण हवे होते.

"तुमच्या दंडाच्या कातडीतली एक पेशी घ्यायची," त्यांनी धाऊला समजावलं, "तिच्यातलं केंद्रक काढायचं. दुसरीकडे एका बाईनं दान केलेलं बीजांड घ्यायचं, त्यातलं तिचं केंद्रक काढून टाकायचं आणि तुमचं बसवायचं. पाच दिवसांत खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान गोळा तयार होतो. त्यातल्या पेशी वेगळ्या काढून त्यांच्यापासून मूत्रपिंड वाढवायचं. ते तुमचंच असेल. म्हणून तुमचं शरीर ते परकं समजून नाकारणार नाही."

धाऊनं हिशेब लावला. "म्हंजे बॉडी त्या बाईच्या गाडीची, इंजिन माझ्या गाडीचं."

"अगदी बरोबर."

"कोन बाई?" सकुबाईनं विचारलं.

"नाव गुप्त असतं."

"बघा हां," सकुबाई धाऊला म्हणाली. "आतापासूनच गुप्त."

डॉ. नम्रतांनी धोकेही सांगितले. पेशी भरकटू शकतात, गाठ होऊ शकते, दर तीन महिन्यांनी तपासणी करावी लागेल, उपचार नवा आहे, खात्री कुणीच देऊ शकत नाही. धाऊनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "लागू पडलं तर पानी किती पियाला मिळंल?"

"हवं तेवढं."

धाऊनं सही केली.

अकरा महिन्यांत प्रयोगशाळेत मूत्रपिंड तयार झालं. चांगलं मुठीएवढं, गुलाबी, यंत्रावर ठेवलेलं. डॉ. नम्रतांनी फोनवर त्याचा फोटो पाठवला. सकुबाईनं तो शेजारणीला दाखवला आणि शेजारण म्हणाली, "बापावर गेलंय." यंत्रावर ते एकवीस दिवस टिकणार होतं. त्यानंतर टाकून द्यावं लागणार होतं. शस्त्रक्रियेची तारीख ठरली. फक्त एक ना-हरकत दाखला हवा होता.

तो दाखला 'पुनर्जात अवयव समन्वय कक्ष' देत असे. हा कक्ष शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून एक होता. तो आपल्याकडे असावा म्हणून दोन्हीकडच्या मंडळींनी इतकी निवेदनं दिली होती, की शेवटी समतोल साधण्यात आला. कक्ष शहापुरात आणि कक्षाचा शिक्का मुरबाडात. कागद शहापुरात मंजूर होई आणि शिक्क्यासाठी मुरबाडला जाई. मधला रस्ता अर्जदारानं आपापल्या सोयीनं पार करायचा होता.

कक्षाचे समन्वय अधिकारी सुयोग साबळे. स्वच्छ, नम्र, कुणाचा चहासुद्धा न घेणारा माणूस. त्यांच्यावर आजवर एकही आरोप नव्हता, कारण त्यांच्या हातून आजवर एकही दाखला गेला नव्हता. धाऊचा अर्ज कक्षाकडे आलेला पहिलाच. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"दात्याचे नाव, धाऊ गोमा विशे. प्राप्तकर्त्याचे नाव, धाऊ गोमा विशे." साहेबांनी पेन थांबवलं. "दात्याचे प्राप्तकर्त्याशी नाते?"

"मीच तो," धाऊ म्हणाला.

"'मीच तो' असा पर्याय नाही. आई, वडील, भाऊ, बहीण, पत्नी, अपत्य आणि इतर."

"मंग इतर लिवा."

साहेबांनी 'इतर'वर खूण केली आणि तिथून पुढचं सगळं नियमानं घडत गेलं. दाता जवळचा नातेवाईक नसेल, तर दोघांमध्ये खरा जिव्हाळा असल्याचा पुरावा लागतो. दोघांचे एकत्र फोटो लागतात. दोघांची वेगवेगळी मुलाखत लागते. आणि दोघांत कसला व्यवहार झाला नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. धाऊनं मुरबाडला जाऊन, धाऊ विशे याजकडून आपण काहीही स्वीकारलेले नाही, असं शंभराच्या मुद्रांकावर लिहून दिलं. फोटोसाठी तो सुनिलच्या स्टुडिओत गेला. सुनिलनं धाऊला एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बसवून दोन्ही धाऊ शेजारी शेजारी जोडून दिले. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर.

साहेबांनी फोटो उजेडात धरला. "उजवीकडचे गृहस्थ नाराज दिसतात."

"त्याचा डायलिसिस होता त्या दिवशी," धाऊ म्हणाला.

मग मुलाखत. "प्राप्तकर्त्यानं बाहेर थांबावं," साहेब म्हणाले. धाऊ बाहेर गेला. "दात्याला आत पाठवा." धाऊ आत आला. साहेबांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली केला.

"घाबरू नका. इथं बोललेलं बाहेर जाणार नाही. प्राप्तकर्त्यानं तुमच्यावर काही दबाव आणला?"

वीस वर्षं जीप चालवलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसणं जमत नाही. "आनला ना साहेब," धाऊ तितक्याच हळू म्हणाला. "सहा वर्सं झाली, घरात दुसरं काय बोलनंच नाय त्याचं. रात न् दिवस किडनी दे, किडनी दे."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. दाता दबावाखाली असल्याचं नमूद झाल्यामुळे दात्याचं समुपदेशन करावं लागलं. त्यात चार दिवस गेले. परतीच्या जीपमध्ये सकुबाईनं पाण्याची बाटली पिशवीत आणखी खाली सरकवली.

समुपदेशन झाल्यावर दात्याची वैद्यकीय तपासणी. तिचा निकाल नवव्या दिवशी आला. साहेबांनी तो खिन्नपणे वाचून दाखवला. "दात्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी आहेत. सबब सदर इसम मूत्रपिंड दान करण्यास अपात्र आहे."

"अवो, निकामी हायेत म्हनून तर नवीन पायजे!" सकुबाई म्हणाली.

"ते प्राप्तकर्त्याचं म्हणणं झालं, बाई. प्राप्तकर्ता पात्रच आहे. त्यांच्या बाजूनं फाईल अगदी स्वच्छ आहे. अडचण दात्याची आहे. अशा आजारी माणसाचं मूत्रपिंड काढून घेऊ देणं माणुसकीला धरून होणार नाही."

धाऊचे पाय सुजले होते. मागच्या डायलिसिसची वेळ शहापूरच्या बाकावर गेली होती. तो भिंतीला टेकून बसला, आणि सकुबाईनं डॉ. नम्रतांना फोन लावला.

डॉ. नम्रता दुसऱ्या दिवशी मुंबईहून आल्या. आटगावला लोकलमधून उतरल्या, तिथून रिक्षानं कक्षात पोचल्या आणि आल्या आल्या बोलायला लागल्या. धाऊ मुळी दाताच नाहीत. अवयव त्यांच्या अंगातून काढलेला नाही, तो त्या गोळ्यापासून वाढवलेला आहे. त्यांनी सगळी कागदपत्रं टेबलावर पसरली, आणि खरं सांगायच्या सवयीनुसार त्यात धोक्यांचं पानही होतं.

साहेब ते पान फार लक्षपूर्वक वाचत होते. "पेशी भरकटल्यास गाठ होऊ शकते," त्यांनी वाचलं. "अशा गाठीत क्वचित केस, दात आढळतात." त्यांनी चष्मा काढला. "दात?"

"क्वचित. फार क्वचित. ती एक जोखीम आहे, म्हणून आम्ही आधीच…"

"आणि केस."

"हो, पण…"

"आणि बीजांड एका बाईचं."

"हो."

"मॅडम," साहेब मृदूपणे म्हणाले, "जे बाईच्या बीजांडापासून होतं, ज्याला केस येतात, ज्याला दात येतात, त्याला आमच्याकडे मूल म्हणतात. आणि अज्ञान बालकाचा अवयव घेता येत नाही. कायदा फार कडक आहे."

डॉ. नम्रता रडकुंडीला आल्या. "साहेब, ते मूल नव्हतं. खसखशीएवढा गोळा होता. आणि पाचव्या दिवशी पेशी काढल्या की तो गोळा तिथंच संपतो. आता तो कुठंच नाही!"

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. माणूस मनानं चांगला होता आणि मार्ग निघावा ही त्यांचीही मनापासून इच्छा होती. "म्हणजे मयत! मग आधी सांगायचं नाही का? मयत दात्यासाठी वेगळा नमुना आहे, फार सोपा. मृत्यूचा दाखला जोडा, झालं. अर्थात त्याआधी जन्माचा लागेल. जन्माशिवाय मृत्यूची नोंद होत नाही."

बारा दिवस गेले होते. नऊ उरले होते.

गावात ग्रामसेवक संदेश नुकता बदलून आलेला, कामाला घाबरणारा नव्हे पण प्रत्येक कामाआधी घाबरणारा. त्यानं नोंदवही उघडली. "बाळाचं नाव?"

धाऊ आणि सकुबाई एकमेकांकडे बघत राहिले. त्यांना एकच मुलगी, रुपाली, लग्न होऊन खर्डीकडे दिलेली. तिच्यानंतर सकुबाईला पुन्हा दिवस राहिले होते आणि पाचव्या महिन्यात गेले होते. त्या पोरासाठी ठरवलेलं नाव दोघांनी तेव्हापासून तोंडातून काढलं नव्हतं.

"जीवन लिव," सकुबाई म्हणाली.

संदेशनं लिहिलं. "आईचं नाव?"

"गुप्त हाय," धाऊ हळूच म्हणाला.

"रकाना रिकामा ठेवता येत नाही, काका."

सकुबाईनं पदर खोचला. "सहा वर्सं ह्या मान्साला कल्यानला नेते नि आनते. पानी मोजून देते. सुई लागली की माझा हात धरतो. बीजांड कुनाचं का असंना, मी नाय आई तर कोन? लिव सकुबाई धाऊ विशे."

संदेशनं मान खाली घालून लिहिलं. बापाच्या रकान्यात मात्र तो अडला. शहापूरहून आलेल्या टिपणात म्हटलं होतं, की वैद्यकीय अहवालानुसार जीवनचा गुणसूत्रांचा आराखडा धाऊशी शंभर टक्के जुळतो, म्हणजे तो धाऊचा मुलगा नसून जुळा भाऊ ठरतो, सबब वडील गोमा विशे. गोमा वारून चोवीस वर्षं झाली होती. चोवीस वर्षांपूर्वी मयत झालेल्या इसमास मागल्या जूनमध्ये अपत्य कसं झालं, याचा खुलासा तीन दिवसांत करावा, अशी नोटीस गोमाच्या नावे काढण्यात आली. ती 'सदर इसम पत्त्यावर राहत नाही' असा शेरा होऊन परत आली, आणि खुलासा न आल्यामुळे कोणतंही म्हणणं नाही असं समजून रकान्यात 'धाऊ' लिहिण्यात आलं.

मृत्यूच्या नोंदीत कारण लिहायचं होतं. ताप, सर्पदंश, अपघात, वार्धक्य, इतर. संदेशनं 'इतर'पुढे विचार करकरून 'विज्ञान' असं लिहिलं.

दाखले मिळाले त्या दिवशी गावात बातमी पसरली, की धाऊच्या घरात पाच दिवसांचं पोर गेलं. माणसं भेटायला येऊ लागली. भावकीत सुतकावरून वाद पडला. भाऊ धरला तर दहा दिवस, तान्हं पोर धरलं तर तीन. शेवटी तीनवर तडजोड झाली. धाऊच्या समोर बसून एका म्हाताऱ्यानं डोळे पुसत विचारलं, "कोनासारखा होता रे?" धाऊ म्हणाला, "अगदी माझ्यासारखा." आणि मग काय झालं कुणास ठाऊक, त्यालाही रडू आलं. सकुबाई आत चुलीपाशी हातात तो दाखला घेऊन बसली होती. कागद सरकारी होता, खोटा होता, पण त्यावर नाव होतं. तिनं तो घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवला, आणि साहेबांना द्यायला त्याची झेरॉक्स काढली.

सतराव्या दिवशी फाईल परिपूर्ण झाली. साहेबांनी उभं राहून धाऊचं अभिनंदन केलं, मयत दात्याचा नमुना संगणकात भरला आणि बटण दाबलं. पडद्यावर उत्तर लगेच आलं. त्या वेगाचं कौतुक करण्यासारखं होतं.

"मूत्रपिंड वाटप झालं," साहेब म्हणाले.

"कधी बसवाचं?" धाऊनं विचारलं.

"तुम्हाला नाही. मयत दात्याचा अवयव प्रतीक्षायादीप्रमाणे दिला जातो. तुमचा क्रमांक तेराशे शहाऐंशी आहे. हे पहिल्या क्रमांकाला गेलं." ते पडद्याकडे वाकले. "मोठे समाजसेवक आहेत. त्यांची गाडी निघालीसुद्धा."

डॉ. नम्रता फोनवरूनच ओरडल्या. स्पीकर चालू असल्यानं सगळ्या खोलीनं ऐकलं. "अहो, ते फक्त धाऊंना चालेल! त्यांच्या पेशींचं आहे ते! दुसऱ्या कुणाचं शरीर ते सहज स्वीकारणार नाही, सगळं काम वाया जाईल!"

"स्वीकारणं न स्वीकारणं हा त्यांच्या शरीराचा अंतर्गत प्रश्न आहे, मॅडम," साहेब म्हणाले. "वाटप न्याय्य झालं पाहिजे."

जीपमध्ये सोळावा माणूस चढायला आला की धाऊ जसा मान हलवत असे, तशी त्यानं एकदाच मान हलवली. आता जागा नाही. तो उठून जायला निघाला. सकुबाई मात्र खुर्चीतून हलली नाही.

"साहेब," ती म्हणाली, "दान जबरदस्तीनं घेतात काय?"

"छे छे! कसं शक्य आहे? नातेवाइकांची लेखी संमती लागते. पान क्रमांक सहा. आईची सही." साहेबांनी पान उलटलं. सहावं पान कोरं होतं. "ही राहिलीय वाटतं. इथं करा."

"आई कोन?"

साहेबांनी दाखला पाहिला. "सकुबाई धाऊ विशे."

"आईला दान कराचं नाय."

साहेबांनी नियमावली काढली. त्यांनी ती पुढून चाळली, मागून चाळली.

"संमती नसेल तर," ते सावकाश म्हणाले, "पार्थिव नातेवाइकांच्या ताब्यात द्यावं लागतं."

"द्या मंग. माझं पोर माझ्या ताब्यात द्या. किती हाय, कसं हाय, मी बघून घेईन."

"पण बाई, पार्थिव म्हणजे फक्त एक मूत्रपिंड आहे."

"जेवढं उरलं तेवढं द्या."

पार्थिव ताब्यात देण्यापूर्वी त्याची विल्हेवाट कशी लावणार हे लिहून घ्यावं लागतं. त्यासाठी संदेशला गावाहून बोलावण्यात आलं, कारण तो रकाना ग्रामसेवकाचा. दहन की दफन? सकुबाई म्हणाली दफन. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, यावर कुणाची हरकत नव्हती.

"दफनाची जागा?" संदेशनं विचारलं.

सकुबाईनं धाऊचा सदरा वर केला आणि त्याच्या पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, बोट ठेवलं. "हितं."

संदेशनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नियमावलीकडे पाहिलं. नियमावलीत दफनाची जागा सार्वजनिक किंवा खाजगी, एवढंच होतं. "खाजगी," साहेब पुटपुटले. "जागामालकाची ना-हरकत लागेल."

"मी मालक," धाऊ म्हणाला. "माझी काय हरकत नाय." तो सहा वर्षांत पहिल्यांदा कुठल्या तरी मालमत्तेचा मालक असल्यासारखा ताठ बसला होता.

"जागेचा ताबा निर्वेध आहे का?"

"जुनी दोन कुळं हायेत, पन काय कामाची नायत."

"खोली किती?"

"चार बोटं," फोनवरून डॉ. नम्रता म्हणाल्या.

"जवळच्या जलस्रोतापासूनचं अंतर?" संदेश घाम पुसत म्हणाला. "हे महत्त्वाचं आहे, काका. पाणी दूषित होऊ नये म्हणून असतं."

"मूत्राशय. सहा बोटं," डॉ. नम्रता म्हणाल्या.

"नियमाप्रमाणे शंभर फूट हवं," साहेबांनी आशेनं मान वर केली.

"तो पिन्याच्या पान्याचा स्रोत असला तर," सकुबाई म्हणाली. "तुमी पिनार काय त्यातलं?"

साहेब पिणार नव्हते, असं त्यांनी लेखी दिलं. सगळे रकाने भरले होते. सगळ्या सह्या चौकटीच्या आत होत्या. परिपूर्ण प्रस्ताव नाकारण्याची तरतूद नियमावलीत नव्हती, कारण असा प्रस्ताव कधी येईल हे नियमावली करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. साबळे साहेबांनी आयुष्यातला पहिला दाखला सही करून दिला. सही करताना त्यांचा हात अवघडला होता. ते म्हणाले, "झालं ते झालं. माझ्याकडून दुःखात सहभागी आहे."

अठराव्या दिवशी मुरबाडात शिक्का उठला. एकोणिसाव्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात थांबलेली समाजसेवकांची गाडी रागानं परत फिरली, आणि त्याच दुपारी मुंबईत, डॉ. नम्रतांच्या देखरेखीखाली, जीवन धाऊ विशे याचं त्याच्या जागी विधिवत दफन करण्यात आलं. चार तास लागले.

धाऊच्या शरीरानं त्याला काही विचारलं नाही. आईचं नाव नाही, बापाचं नाही, फोटो नाही. रक्त सुरू होताच मूत्रपिंड टेबलावरच गुलाबी झालं आणि कामाला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी धाऊ सहा वर्षांनी पहिल्यांदा भांडं भरून मुतला आणि त्यानं इतक्या मोठ्यानं हाक मारली, की परिचारिका धावत आल्या. सकुबाई भांडं घेऊन वॉर्डभर दाखवत फिरली. मग तिनं पिशवीतून अर्ध्या लिटरची बाटली काढली, सिंकमध्ये रिकामी केली आणि नवऱ्यासमोर भरला तांब्या ठेवला. धाऊनं तो एका दमात संपवला, आणि दोघं कितीतरी वेळ रिकाम्या तांब्याकडे बघून हसत बसले.

दर तीन महिन्यांनी तपासणी होते. गाठ नाही. अद्याप नाही, असं डॉ. नम्रता म्हणतात, कारण त्यांची सवय गेलेली नाही.

एवढ्यावर हे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण या प्रकरणाची वरपर्यंत दखल घेतली गेली. कक्षात एक अनुभवी सदस्य असावा, ज्याला रुग्णांच्या अडचणी स्वतः माहीत आहेत, असं ठरलं, आणि धाऊ गोमा विशे यांची अशासकीय सदस्य म्हणून नेमणूक झाली. त्यांना साबळे साहेबांच्या शेजारी खुर्ची मिळाली. खुर्चीवर टॉवेल होता.

पहिल्या महिन्यात धाऊ प्रत्येक अर्जदारासाठी भांडला. साहेबांना नियमावलीतले रकाने दाखवत बसला. तीन फायली त्यानं एका आठवड्यात काढल्या. पण गंमत अशी, की फाईल निघाली की माणूस तिथून पळायचा. आभारसुद्धा जिन्यावरून मानायचा. ज्यांच्या फायली राहिल्या होत्या ते मात्र रोज यायचे, बाहेरच्या बाकावरून उठून उभे राहायचे, "विशे साहेब" म्हणायचे आणि विशे साहेबांच्या चेहऱ्याकडे बघून आज दिवस कसा जाणार ते ओळखायचा प्रयत्न करायचे. वीस वर्षं जीप चालवली, पण त्याच्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात खर्डीच्या बाजूच्या पाड्यावरून सावळी नावाची बाई आली. तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांचे पडदे प्रयोगशाळेत तयार होते, अठरा दिवस टिकणार होते. ती पहाटेपासून आलेली. तिनं फाईल धाऊच्या समोर ठेवली. धाऊनं ती सावकाश चाळली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं जागेवर होतं, एकही सही चौकटीबाहेर नव्हती. बाहेर बाकावर माणसं बसली होती. टेबलावर चहा नुकताच आला होता.

"बाय, एक कागद कमी हाय," धाऊ म्हणाला.

"कुठला, साहेब?"

कुठला ते धाऊलाही ठाऊक नव्हतं. त्यानं कप उचलला. "उद्या या. तोवर बघून ठेवतो."

सदर प्रकार वाचून ज्या वाचकांस धाऊ विशे यांचा संताप आला असेल, त्यांना कक्षाकडे लेखी तक्रार करण्याची मुभा आहे. तक्रारीसोबत, कोणत्याही खुर्चीत, गल्ल्यावर, खिडकीमागे अथवा घरातील दारात बसून आपण आजवर कुणालाही विनाकारण 'उद्या या' म्हटलेले नाही, असे प्रतिज्ञापत्र जोडावे. मुदत बरीच मोठी ठेवण्यात आली होती. तक्रार अद्याप एकही आलेली नाही.